घरचा काटा

बाजारात त्यांना सगळे काटेकाका म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या दुकानदारांना ते सांगता आलं नसतं. नोकरी वजनमाप खात्यातली आणि काम एकच, दुकानादुकानांतून हिंडून वजनकाटे तपासायचे. काटा बरोबर असला की त्याला शिशाचं सील ठोकायचं, चुकत असला की तिथल्या तिथे बंद करायचा. हातात लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खळग्यांत झोपवलेली पितळी वजनं, आणि खिशात पांढरे सुती हातमोजे. वजनाला उघडं बोट ते कुणाला लावू देत नसत. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं ते सांगत, आणि ऐकणारा हसला तर त्याच्या दुकानात थोडा जास्तच वेळ थांबत.

माणूस नाकासमोर चालणारा. कुणाच्या दुकानात पाणीसुद्धा घ्यायचा नाही. एकदा सख्ख्या मावसभावाच्या दुकानातला काटा त्यांनी भर गर्दीत बंद केला, तेव्हा तो मावसभाऊ पुढे कित्येक वर्षं रस्त्यात दिसला तरी तोंड फिरवून जायचा. काकांना त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ते वाईट वाटणंसुद्धा ते चारचौघांत ताठ मानेने सांगत. "रिकामा काटा सगळ्यांचाच खरा असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "वर काही ठेवलं की मग कळतं."

अशा माणसाच्या बेडरूममध्ये, कपाटाच्या शेजारी, माणसांचं वजन करायचा जो काटा होता तो खोटा होता. आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने खोटा केला होता.

काकू टपालखात्यात, पार्सलच्या खिडकीवर. दोघांची ओळखही तिथलीच. खिडकीवरचा काटा तपासायला हे गेले, आणि हातमोजे घालून, श्वास रोखून वजनं ठेवणारा तो गंभीर तरुण पाहून काकूंना हसू आवरेना. लग्न झालं, मुलगी झाली, आणि बाळंतपणानंतर काकूंचं अंग जे सुटलं ते काही केल्या आवरेना. रोज सकाळी त्या काट्यावर चढत, आकडा बघत, आणि मग दिवसभर अन्नाला शिवत नसत. एके दिवशी खिडकीवरच चक्कर येऊन पडल्या. त्यानंतर काकांनी घरात कुणी नाही असं बघून तो काटा उलटा केला आणि उघडला. नुसतं शून्य मागे सरकवणं म्हणजे अगदीच कच्चं काम, कुणाच्याही लक्षात येतं. त्यांनी आतल्या तरफेचा टेकू किंचित सरकवला. रिकामा काटा शून्यावरच राहिला, पण माणूस चढला की आकडा थोडा कमी यायला लागला. हीच लबाडी करणारे दुकानदार त्यांनी आयुष्यभर पकडले होते. ते जास्त दाखवत, यांनी कमी दाखवलं, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी काकू काट्यावर चढल्या, खाली उतरल्या आणि पोटभर जेवल्या. काकांना वाटलं, झालं, थोड्या दिवसांनी सरळ करून टाकू. पण सरळ करायचा म्हणजे एका सकाळी बायकोचं वजन एकदम वाढवायचं. ते धाडस त्यांना झालं नाही. उलट काकू जसजशा भरत गेल्या तसतसा तो टेकू आणखी थोडा सरकला, आणि मुलगी शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागेपर्यंत काटा आणि काकू यांच्यात चांगलं नऊ किलोंचं अंतर पडलं. दवाखान्यात वजन केलं की काकू घरी येऊन सांगत, "त्यांचा काटा जास्त दाखवतो बाई. मी नर्सला सरळ म्हटलं, आमच्या घरी काटे तपासणारा माणूस आहे, मला शिकवू नका." काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, "दवाखान्यातले काटे कोण बघतंय." त्या दवाखान्याच्या काट्यावरचं सील त्यांनी स्वतः ठोकलेलं होतं. अशा वेळी त्यांचे कान तापत आणि वर्तमानपत्रातली एकही ओळ डोक्यात शिरत नसे.

यंदा थंडीत बर्फावर जायचं ठरलं ते धाकटीमुळे. धाकटी म्हणजे काकूंची पाठची बहीण. ती आणि साडूभाऊ मागच्या वर्षी एका उंच डोंगरावरच्या स्कीच्या गावी जाऊन आले होते. आगगाडी पायथ्यापर्यंतच जाते, पुढे तारेला लटकणाऱ्या पाळण्यातून वर जायचं, आणि वर इतकी उंची की झाडंसुद्धा तिथवर चढत नाहीत. धाकटीने फोन केला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "ताई, येतेस का? आपण चौघं जाऊ." काकू फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात नुसत्याच उभ्या होत्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, तिने स्वतःहून विचारलं."

त्या 'स्वतःहून'ला कारण होतं. आई गेल्यापासून दोघी बहिणींमधलं काहीतरी आटलं होतं. भांडण म्हणावं तर एक वाकडा शब्द नाही. आई धाकटीकडे होती. धाकटीचं म्हणणं, मी फोन करून सांगितलं होतं की ताईला लगेच पाठवा, आता भरवसा नाही. काकूंचं म्हणणं, मला निरोप मिळाला तो एवढाच, की आईला थोडं बरं नाही, सवडीने ये. काकू पोचल्या तेव्हा आईला नेऊन झालं होतं. दोघींनी हे एकेकदा बोलून दाखवलं आणि मग विषय बंद झाला. धाकटीने मनाशी धरलं की ताईने टाळलं. काकूंनी मनाशी धरलं की धाकटी दुःखात स्वतः काय बोलली तेच विसरली.

तो फोन घेतला होता काकांनी. दुसऱ्या दिवशी काकूंची बढतीची परीक्षा होती, रात्रंदिवस अभ्यास केलेला. परीक्षा देऊन संध्याकाळच्या गाडीने गेली तर काय बिघडणार आहे, असा विचार करून त्यांनी 'लगेच'चं 'सवडीने' केलं. मधला माणूस ते होते, आणि मधल्या माणसाला कुणी विचारलंच नाही. काटेकाका निरोपातला एक शब्द इकडचा तिकडे करतील, हे दोघींपैकी एकीच्याही स्वप्नात येणं शक्य नव्हतं. काकांनी ती गोष्ट मनाच्या तळाशी टाकली होती, आणि दोघी बहिणी एकमेकींशी जपून बोलताना दिसल्या की ती तळातून वर येई.

म्हणून या सहलीवर त्यांचा जीव होता. बर्फाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दोघी एकदा हसल्या-बोलल्या, एका खोलीत आठवडाभर राहिल्या, की ते सगळं आपोआप बुजून जाईल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

आणि सुरुवात झालीही तशीच. धाकटी आणि साडूभाऊ रविवारी घरी आले, जेवणाच्या टेबलावर गावाचा नकाशा पसरला गेला. साडूभाऊंना सगळ्यातलं सगळं कळतं, निदान त्यांचा स्वतःचा तसा समज आहे. त्यांनी बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. "पहिल्या दिवशी काहीही करायचं नाही. नुसतं पाणी प्यायचं आणि बसायचं. हवा इतकी विरळ, की जिना चढलात तरी धाप लागते."

"मला इथेच लागते," काकू म्हणाल्या.

"मोजे एकच जोडी घालायची, जाड. दोन घातले की फोड येतात," धाकटी म्हणाली. "आणि ताई, पहिले तीन दिवस आपण दोघी शिकाऊंच्या उतारावर. यांना जाऊ दे वर, मोडून घेऊ दे हाडं."

"तो उतार केवढा असतो गं?"

"शाळेमागची घसरगुंडी आठवते? तिच्यापेक्षा सोपा."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "तू पुढे बसायचीस, पत्र्याच्या त्या झाकणावर. आणि मी मागून धरायची."

"आणि खाली पोचलं की मी रडायचे."

"तू रडायचीस परत वर जायचं म्हणून."

दोघी हसल्या. धाकटीने हसता हसता ताईच्या हातावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही. काका नकाशाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी चौघं स्कीचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात गेली. सगळं इथेच मापून ठेवलं की वर गेल्यावर खोळंबा होत नाही, असं साडूभाऊंचं म्हणणं. लांबट दुकान, एका भिंतीला शेकडो बूट, दुसरीला उभ्या केलेल्या स्की, रबराचा आणि मेणाचा वास. दुकानदार गुडघ्यांवर बसून एकेकाच्या पायात ते अवजड बूट चढवत होता. काकूंच्या पोटरीवरचा पट्टा काही केल्या लागेना. "श्वास सोडा," दुकानदार म्हणाला. "श्वास काय पायात असतो का," काकू म्हणाल्या, आणि धाकटी पोट धरून हसायला लागली.

मग दुकानदाराने पेन काढलं. वय विचारलं, उंची विचारली, आधी कधी स्की केली आहे का ते विचारलं. शेवटी म्हणाला, "आणि वजन?"

"अडुसष्ट," काकू म्हणाल्या. आवाज खाली न आणता, उलट थोड्या तोऱ्यातच. काटेकाकांच्या घरचा आकडा होता तो.

"वजन कशाला लागतं?" काकांनी विचारलं.

दुकानदाराने एक स्की आडवी धरून दाखवली. "ही बघा पकड. बूट हिच्यात बसतो. माणूस पडला की ही आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. आणि पडला नाही तर सुटता कामा नये. हा स्क्रू वजनाप्रमाणे लावतो आम्ही. वजन कमी सांगितलं तर पकड सैल राहते. मग उतारावर भर वेगात एक स्की निघून जाते आणि माणूस तोंडावर जातो. बरेचदा बायका..." तो बोलता बोलता थांबला आणि हसला. "तसे दोन-तीन किलो आम्ही मनात धरतोच."

दोन-तीन. काकांच्या डोळ्यांसमोर तो उतार आला. धाकटी पुढे, काकू मागे, आणि काकूंच्या एका पायाखालून स्की निघून चाललेली. गप्प बसणं शक्यच नव्हतं. "जरा जास्त धरा," ते म्हणाले.

"किती जास्त?"

"सत्त्याहत्तर."

दुकानात आणखी दोन कुटुंबं होती. तीही वळून बघायला लागली.

"अहो, काहीतरीच काय?" काकू म्हणाल्या. "परवाच तर केलं मी."

"ताई," साडूभाऊ खो खो हसत म्हणाले, "नऊ किलो कुठे लपवले होते?"

"भांडण कशाला," दुकानदार म्हणाला. "तो काय तिथे काटा आहे. बूट काढा आणि चढा, एका मिनिटात निकाल."

काकू अगदी निवांत चढल्या. ज्याचं काही चुकलेलं नाही तो माणूस चढतो तशा. आणि आकडा आला सत्त्याहत्तर. त्या उतरल्या, पुन्हा चढल्या. मग वळून त्यांनी काकांकडे बघितलं. त्या नजरेत शंका नव्हती, हेच पुढे कित्येक दिवस काकांना सोसवेना. "हा काटा चुकतोय," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्हीच बघा जरा."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका खाली वाकले. काट्याच्या बाजूला शिशाचं सील होतं, आणि सीलवर त्यांच्याच खात्याचा शिक्का. वाकलेले असतानाच त्यांना कळलं की आता दोनच वाक्यं आहेत. एक हा काटा बरोबर आहे असं. आणि दुसरं घरचा काटा मी बिघडवलाय असं. दोन्ही खरी होती आणि दोन्ही सांगायला हवी होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आणि सरळ उभे राहिले. दुसरं वाक्य राहून गेलं.

साडूभाऊ पुन्हा हसले. धाकटी मात्र हसली नाही. बुटाचा पट्टा सोडता सोडता, खाली मान घालून ती म्हणाली, "ताईचं असंच आहे. सोयीचं तेवढं सांगायचं, आणि सोयीचं तेवढंच ऐकायचं."

ती कशाबद्दल बोलली हे तिथे फक्त तिघांना कळलं. काकूंचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. त्यांनी चपला घातल्या, पर्स उचलली आणि त्या दुकानाबाहेर गेल्या. काका त्यांच्या मागे गेले. जमिनीने आत्ता पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना वाटत होतं, आणि पाय मात्र नेहमीसारखे चालत होते.

दोघं घरी आली. दार उघडताना काकू एवढंच म्हणाल्या, "मी येत नाही. कळवा तिला."

"अगं, पण..."

"खोटारडी म्हणून डोंगरावर जायची हौस नाही मला."

काकांनी कळवलं नाही. उद्या सांगू, असं स्वतःला बजावत ते सोमवारी कामाला गेले. भाजीबाजारात एका काट्याखाली त्यांना चिकटवलेला लोहचुंबक सापडला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, एकवार सोडा, पोराबाळांचा धनी आहे." एरवी काकांनी त्याला उभ्या बाजाराला ऐकू जाईल असं सुनावलं असतं. त्या दिवशी त्यांना त्याच्याकडे वर बघवेना. काटा बंद केला खरा, पण चोरी आपणच केल्यासारखे ते तिथून निघाले. पुढच्या गल्लीत पोचल्यावर लक्षात आलं की पितळी वजनांची पेटी आज घरीच राहिली आहे. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते तसेच मागे फिरले.

काकू घरीच होत्या. कामावर गेल्याच नव्हत्या. बेडरूमच्या दारात काका थबकले. पेटी उघडी होती. तिच्यातली सगळी पितळी वजनं, लहानमोठी एकूण एक, घरच्या काट्यावर रचून ठेवलेली होती. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, हात मांडीवर.

"उघड्या हातांनीच ठेवलीयत मी," त्या म्हणाल्या. "काय व्हायचं ते होऊ दे."

काकांनी वजनांकडे बघितलं. पितळेवर बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

"दहा किलो आहेत ना सगळी मिळून? तुम्हीच सांगता. आणि हा सांगतो, पावणेनऊ." काकूंचा आवाज खिडकीवरचा होता, पार्सल परत करताना असतो तसा. "आधी मला वाटलं, स्प्रिंग गेली असेल. जुना आहे. मग वाटलं, ज्याच्या घरात तुम्ही आहात त्या घरातला काटा असा आपोआप बिघडेल कसा? आणि काल तुम्ही आकडा सांगितलात तो अंदाजाने नव्हता सांगितला. तुम्हाला माहीत होता."

काका पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसायला गेले.

"उभे राहा," काकू म्हणाल्या. ते उभे राहिले.

"तू जेवत नव्हतीस," काका म्हणाले. "चक्कर येऊन पडली होतीस तेव्हा."

"मग जेव म्हणायचं."

इतकं साधं काही करता आलं असतं, हे काकांना या सगळ्या वर्षांत खरोखरच सुचलं नव्हतं.

"दवाखान्यातल्या त्या नर्सला मी किती बोलले," काकू म्हणाल्या. "मुलीसमोर मिरवले. काल लोकांदेखत चढले त्या काट्यावर, छाती पुढे काढून. आणि तुम्हाला म्हटलं, बघा जरा. तुम्ही वाकलात, बघितलंत, आणि म्हणालात बरोबर आहे."

"तो बरोबरच होता."

"हो ना. मग मीच चुकीची ठरले." काकांना वाटलं, आता रडतील. रडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. पण काकूंनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "आणखी काय काय कमी करून दाखवलंत मला?"

काकांची नजर टेबलावरच्या फोनकडे गेली आणि झटकन परत आली. ते काकूंनी नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जुळत गेलं.

"आई," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली.

"धाकटी फोनवर काय म्हणाली होती?"

"लगेच पाठवा म्हणाली. भरवसा नाही म्हणाली." काकांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती. मला वाटलं, एका दिवसाने..."

"मी पास झाले त्या परीक्षेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही कौतुक केलंत माझं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा भोंगा वाजत राहिला. काकूंनी पदराने नाही, उघड्या तळहाताने तोंड पुसलं. मग टेबलावरचा फोन उचलून काकांपुढे धरला. "लावा तिला. आणि जसंच्या तसं सांगा. एक शब्द कमी करायचा नाही."

काकांनी लावला. उभ्यानेच सांगितलं. आधी आईचा निरोप सांगितला, मग घरचा काटा, मग दुकानात जे बोलायचं राहिलं ते. सांगताना एकदा दोनदा त्यांच्या तोंडून 'म्हणजे तसं माझ्या मनात काही' असं सुरू झालं, तेव्हा काकूंनी नुसतं बघितलं आणि ते वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. आयुष्यात त्यांनी शेकडो दुकानदारांना असं समोर उभं करून बोलतं केलं होतं. ते सगळे जमिनीकडे का बघतात ते त्यांना आज कळलं. फरशीवर बघायला काहीच नसतं, म्हणून तिकडे बघायचं.

पलीकडून धाकटी म्हणाली, "भावोजी, तुम्ही?" तेवढंच. रागावून म्हणाली असती तर परवडलं असतं. तिला खरंच पटत नव्हतं. "ताईला द्या," ती म्हणाली.

काकू फोन घेऊन बाल्कनीत गेल्या आणि त्यांनी मागचं काचेचं दार लावून घेतलं. काकांना शब्द ऐकू येत नव्हते, पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ आधी हलत नव्हती, मग हलायला लागली. काकांनी खाली बसून काट्यावरची वजनं एकेक करून उतरवली. सवयीने हात हातमोज्यांसाठी खिशाकडे गेला, पण त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. काटा उलटा केला, उघडला, आणि तरफेचा टेकू जिथला तिथे नेऊन बसवला. काम अगदी थोड्या वेळाचं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी इतकी वर्षं लावली होती.

काकू आत आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर काल दुकानात गेलेला रंग परत आला होता. "आम्ही दोघी जातोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं राहा इथे."

"साडूभाऊंनी काय केलं?"

"ते हसले."

काकांनी मान डोलावली. आपण नसलो तर तुला वर त्रास होईल, असं काहीबाही त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, ते त्यांनी गिळलं. आता तिच्या हिताचं बोलायचा आपला अधिकार काही दिवस तरी संपला आहे, एवढं त्यांना समजत होतं.

"झाला का तो सरळ?" काकूंनी काट्याकडे बोट दाखवून विचारलं.

"झाला."

"दुकानात फोन करा. तुमचे बूट नकोत म्हणून सांगा. माझे हवेत."

काकांनी दुकानात फोन लावला. आपलं आणि साडूभाऊंचं सामान रद्द केलं. दुकानदार जरा घुटमळला आणि मग गमतीने म्हणाला, "आणि ताईंचं वजन काय धरू शेवटी? तुम्हीच सांगा, तुम्हाला नुसतं बघून कळतं."

आकडा काकांच्या जिभेवरच होता.

"थांबा," ते म्हणाले. "त्या स्वतः सांगतील."

त्यांनी फोन पुढे धरला. काकू काट्यावर चढल्या. वाकून त्यांनी आकडा बघितला, पुरेसा वेळ घेऊन, आणि मग फोन हातात घेतला.

"सत्त्याहत्तर," त्या म्हणाल्या. "हो, नक्की. आत्ता मी स्वतः बघितलंय."